प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : पोपटमाशांचा रंग आणि ओळखीचा घोळ

गेल्या अंकातल्या कॅरिबियन प्रवाळांवरच्या लेखात पोपटमाशांच्या, म्हणजे पॅरटफिशच्या, वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला होता. चोचीसारख्या दातांनी ते खडक खरवडतात, वाढताना रंग बदलतात आणि मादीचा नर होतो, एवढंच त्यात होतं. पत्रं मात्र सगळ्यात जास्त त्यावरच आली. त्यातली निवडक पत्रं संक्षेपाने देत आहोत.

प्रश्न : मुलगा क्रूझवर किचनमध्ये नोकरीला आहे. जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागतं तेव्हा तो स्नॉर्केलिंगला जातो. त्याच्याकडच्या पुस्तिकेत पोपटमाशांच्या चौदा जाती आहेत आणि प्रत्येक जातीची दोन-तीन चित्रं, एकमेकांशी अजिबात न जुळणारी. त्याला एकही जात धड ओळखता येत नाही. सुरुवात कुठून करावी? (गिरगाव)

उत्तर : चित्रं पाठ करायच्या फंदात त्याने पडू नये. एकाच जातीची ती दोन-तीन चित्रं म्हणजे वयाच्या वेगवेगळ्या अवस्था आहेत. पिल्लू, मग आरंभीची अवस्था (यात बहुतेक माद्या, काही जातींत थोडे नरही) आणि शेवटी अंतिम अवस्था, म्हणजे भडक रंगाचा मोठा नर. बऱ्याच जातींत या तिन्हींचे रंग इतके वेगळे असतात, की पूर्वी शास्त्रज्ञांनीही नर-मादीला दोन जाती समजून वेगवेगळी नावं दिली होती. म्हणून मुलाने आधी चौदाचा आकडा खाली आणावा, रंगाचं नंतर बघता येईल.

बकटूथ, ब्लूलिप आणि एमराल्ड या तीन जाती मुख्यतः समुद्री गवतात राहतात. ग्रीनब्लॉच हा जेमतेम 10 सेंटीमीटरचा मासा सहसा खोल पाण्यात असतो, वरून पोहणाऱ्याच्या तो नजरेस पडत नाही. या चार बाजूला काढल्या की दहा उरतात.

दहांतल्या तीन जातींना आकारामुळे चुकणं अवघड. मिडनाइट हा जवळजवळ काळा वाटावा इतका गडद निळा, डोक्यावर चमकत्या निळ्या रेघोट्या. ब्लू हा सबंध निळा, मोठ्या माशाच्या नाकाडावर बोथट फुगवटा, लहान असताना डोक्यावर पिवळी झाक. रेनबो सगळ्यांत थोराड, 1 मीटरच्या वर जाणारा. डोकं आणि पर नारिंगी-तपकिरी, अंगाचा मागचा भाग हिरवा. या तिघांचे आरंभीचे आणि अंतिम रंगही फारसे वेगळे नसतात. पण मासेमारीने हे तिन्ही अनेक ठिकाणी विरळ झाले आहेत, तेव्हा दिसतीलच अशी खात्री देता येत नाही.

उरले सात : स्टॉपलाइट, क्वीन, रेडबँड, रेडटेल, यलोटेल, प्रिन्सेस आणि स्ट्राइप्ड. खरी डोकेदुखी यांचीच. इथे नजर शेपटीकडून तोंडाकडे न्यावी, कारण सगळेजण उलट करतात आणि चेहऱ्यावरच्या रेघांत अडकतात.

आधी शेपटीचा देठ. पाठीचा पर जिथे संपतो त्याच्या लगेच मागे छोटा पांढरा डाग असेल तर तो आरंभीच्या अवस्थेतला रेडबँड. अंगाचा बाकी रंग तपकिरी, हिरवट, निळसर, काहीही असू दे, हा डाग बहुधा टिकतो. शेपटीच्या बुडाशी पिवळा ठिपका, शेपटीवर पिवळी कोर आणि कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात आणखी एक पिवळा ठिपका दिसला की तो अंतिम अवस्थेतला स्टॉपलाइट.

मग शेपटीच्या कडा. प्रिन्सेस आणि स्ट्राइप्ड यांच्या माद्या एकत्र चरतात आणि दोघींच्याही फिक्या अंगावर तीन गडद पट्टे असतात. प्रिन्सेसच्या शेपटीची वरची आणि खालची कड गडद असते, स्ट्राइप्डच्या शेपटीला अशी किनार नसते आणि तिच्या नाकाडावर बऱ्याचदा पिवळट झाक दिसते. नरांमध्ये प्रिन्सेसच्या शेपटीची रंगीत किनार सलग असते आणि मधला भाग साधा. स्ट्राइप्डच्या शेपटीत दोन किनारींच्या मधे रेघारेघांची नक्षी असते. हा फरक तीन मीटरवरून दिसत नाही. मासा खाण्यात गुंतलेला असताना हळूच जवळ जावं.

तिसरी खूण छातीच्या पराच्या मुळाशी. तिथे काळा डाग ठळक असेल तर रेडटेल किंवा यलोटेल. लाटा फुटतात त्या उथळ पट्ट्यात यलोटेल जास्त. त्याची मादी करड्या चट्ट्यापट्ट्यांची आणि शेपूट पिवळी असते.

चेहरा सगळ्यात शेवटी. क्वीनच्या नराच्या तोंडाभोवती निळ्या-पिवळ्या रेघा असतात, रेडबँडच्या नराच्या तोंडाच्या कोपऱ्यातून नारिंगी पट्टी मागे जाते आणि छातीच्या पराच्या वरच्या बाजूला अंगावर पिवळा डाग व त्यात काळे ठिपके असतात.

एक पक्की खूण आहे, पण ती फोटो मोठा करून किंवा मासा हातात घेऊनच दिसते. तोंड मिटलेलं असताना स्कॅरस गटातल्या माशांची वरची चोच खालचीच्या बाहेर येते. स्पॅरिसोमा गटात उलट, खालची वरचीला झाकते. शिवाय स्पॅरिसोमाच्या गालावर खवल्यांची एकच रांग, स्कॅरसच्या गालावर दोन ते चार. वरच्या सातांपैकी स्टॉपलाइट, रेडबँड, रेडटेल, यलोटेल हे स्पॅरिसोमा. क्वीन, प्रिन्सेस, स्ट्राइप्ड हे स्कॅरस. ब्राझीलच्या किनाऱ्यावर यांच्या जागी दुसऱ्याच जाती आहेत. मुलाचं जहाज दक्षिणेला रिओकडे गेलं तर ही यादी घेऊन जाऊ नये.

आणि पाण्यात ब्रेड टाकू नये. ब्रेडभोवती गर्दी करतात ते काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर. पोपटमाशांना शोधायचं तर कान द्यावा : खडकावर चोच आपटल्याचा कुरकुर आवाज पाण्यात चांगला ऐकू येतो.

प्रश्न : कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर काढलेले चार फोटो पाठवत आहे. चारही पोपटमासेच ना? नावं सांगाल का? शिवाय सगळे फोटो निळेशार आले आहेत, ते का? (मुलुंड पूर्व)

उत्तर : पहिल्या फोटोतला तपकिरी, प्रत्येक खवल्याचा मधला भाग फिका आणि पोट लाल असलेला मासा म्हणजे स्टॉपलाइटची आरंभीची अवस्था. तुम्ही पाठीमागे ‘लाल पॅरट’ असं लिहिलं आहे. अशी वेगळी जात नाही. हिरवागार स्टॉपलाइट आणि हा एकच.

दुसऱ्या फोटोत दोन मासे आहेत. गडद करडा, पोटाच्या वरच्या अंगाने रुंद पांढरा पट्टा असलेला, आणि मागे निळा-हिरवा. ही क्वीनची मादी आणि नर. जोडी एका फ्रेममध्ये मिळणं ही चांगली नोंद आहे, फोटो जपून ठेवा.

तिसरा पोपटमासा नाही. तो ब्लू टँग आहे. अंग थाळीसारखं गोल, तोंड बारीक आणि शेपटीच्या देठावर दोन्ही बाजूंना एकेक पात्यासारखा काटा. तुमच्या फोटोत तो पिवळट रेघेसारखा दिसतो आहे. टँगसुद्धा कळपाने शेवाळच खातात, पोपटमाशांच्या मिश्र कळपात घुसतात, म्हणून ही चूक फार जणांची होते.

चौथ्या फोटोवर आम्ही नाव टाकणार नाही. छातीच्या पराशी काळा डाग दिसतो म्हणजे रेडटेल किंवा यलोटेल, पण शेपूट फ्रेमच्या बाहेर राहिली आहे. पोपटमाशाच्या फोटोत डोकं कापलं गेलं तर चालतं, शेपूट कापली गेली तर बहुतेक वेळा ओळख पटत नाही.

निळेपणाचं कारण पाणी. लाल प्रकाश पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो आणि पाच मीटरच्या खाली त्याची कमतरता डोळ्यालाही जाणवते. स्टॉपलाइटचं लाल पोट तिथे मातकट तपकिरी दिसतं आणि मग मासा पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. दर तीन-चार मीटर खाली गेल्यावर पांढऱ्या पाटीवर किंवा वाळूवर कॅमेरा धरून व्हाइट बॅलन्स नव्याने सेट करा. उथळ पाण्यात हे जमतं. दहा मीटरच्या खाली लाल प्रकाश इतका कमी उरतो की फ्लॅश किंवा टॉर्च लागतेच. फ्लॅश असेल तर मासा एक ते दीड मीटरच्या आत हवा, नाहीतर मधल्या पाण्यातले कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. शटर 1/160 सेकंदाच्या खाली आणू नका. हे मासे छातीचे पर मारत सतत हलत असतात. कॅमेरा माशाच्या उंचीवर आणा. वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ येते आणि सगळ्या खुणा बाजूला असतात.

पाठलाग करू नका. मासा खडकावर ताजे पांढरे ओरखडे सोडून गेला असेल तर तिथेच थांबा. दिवसभर चरणारा मासा आहे, सकाळी लवकरपेक्षा दुपारी जास्त खातो, आणि त्याच टापूत परत येतो.

प्रश्न : कुर्ल्याच्या मासळीबाजारातून, म्हणजे शोभेच्या माशांच्या बाजारातून, नारिंगी ‘पॅरट फिश’ची जोडी आणली. लेखातला मासा हाच का? आणल्यापासून त्यांच्या अंगावर काळे डाग आलेत आणि दाणे तोंडातून बाहेर टाकतात. (घाटकोपर)

उत्तर : नाही. तुमच्याकडे आहे तो ब्लड पॅरट. गोड्या पाण्यातल्या सिच्लिड माशांचा हा संकर 1980 च्या दशकात तैवानमध्ये तयार झाला. समुद्री पोपटमाशाशी त्याचं नातं फक्त दुकानातल्या पाटीपुरतं आहे.

दाणे बाहेर टाकण्याचं कारण तोंडाची ठेवण. संकरात जबड्याची घडण बिघडली, त्यामुळे तोंड पूर्ण मिटत नाही. हा मासा घशातल्या दातांनी अन्न चिरडतो. मोठा दाणा आत जातो, चिरडला जात नाही, बाहेर येतो. बुडणारे 2 ते 3 मिलिमीटरचे दाणे द्या, टाकण्याआधी टाकीच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवा. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच. तरंगणारे दाणे नकोत. वर येऊन खाताना मासा हवा गिळतो आणि तिरपा पोहायला लागतो.

काळे डाग नव्या टाकीतल्या ताणाचे असतात, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत जातात. त्याआधी पाणी तपासा. नवीन टाकीत माशाच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनियाचं रीडिंग शून्य नसेल तर खाणं निम्मं करा आणि पातळी खाली येईपर्यंत रोज 25 टक्के पाणी बदला. एरवी आठवड्यातून एकदा तेवढंच पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घालूनच पाणी ओता. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊ नका, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, त्यामुळे पाणी बदलण्यात महिनाभर हयगय झाली की पीएच घसरतो. तो 6.5 ते 7.5 च्या मधे हवा, तापमान 25 ते 28 अंश.

टाकी दोन फुटी असेल तर लहान पडेल. हे मासे 20 सेंटीमीटरपर्यंत वाढतात. दोघांना किमान 90 × 45 × 45 सेंटीमीटरची, म्हणजे साधारण 180 लिटरची टाकी लागते. मादीने अंडी घातली आणि ती दोन दिवसांत पांढरी पडली तर घाबरू नका, यातले नर बहुतेक वांझ असतात. आणि पुढच्या वेळी जांभळा, निळा किंवा ‘हार्ट’ पॅरट घेऊ नका. पहिले दोन रंग टोचून किंवा रंगात बुडवून आणलेले असतात, तिसऱ्याची शेपूट लहानपणीच कापलेली असते.

खरा समुद्री पोपटमासा घरात पाळता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. येणार नाही. त्याला दिवसभर खरवडायला खडक लागतो. मऊ खाण्यावर ठेवला तर दात झिजत नाहीत, वाढत राहतात आणि शेवटी त्याला तोंड चालवता येत नाही.

प्रश्न : अकरावीला जीवशास्त्र शिकवते. मुलं विचारतात, मादीचा नर नेमका केव्हा आणि कशाने होतो? आणि सगळेच नर असेच तयार होतात का? (विलेपार्ले)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पाठ्यपुस्तकं तिथेच घाई करतात. सगळे नर असे तयार होत नाहीत. स्ट्राइप्डसारख्या जातींत काही मासे जन्मापासूनच नर असतात. ते आरंभीच्या अवस्थेत मादीच्या रंगात फिरतात आणि थव्याने अंडी-शुक्राणू सोडण्याच्या वेळी सामील होतात. मादीपासून झालेला नर मात्र भडक रंगाचा, टापू राखणारा असतो आणि एकेका मादीबरोबर जोडीने वर झेपावतो. म्हणून ‘फिक्या रंगाची ती मादी’ हे समीकरण फळ्यावर लिहू नये. स्टॉपलाइटमध्ये चित्र जास्त साधं आहे : तिथे नर बहुतांशी मादीपासूनच होतात.

केव्हा, याला ठरावीक वय नाही. टापूवरचा मोठा नर मेला किंवा पकडला गेला, की मोठ्या माद्यांपैकी एखादी बदलायला लागते. शरीराचा आकार, आजूबाजूला किती माद्या आहेत आणि जागा मोकळी आहे का, यावर ते ठरतं. शरीरात काय होतं ते स्टॉपलाइटवरच तपासलेलं आहे : 11-कीटोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक दिल्यावर माद्यांमध्ये लिंगबदल झाला आणि नराचा रंगही आला. बीजांडकोशाची ऊती मागे पडते, वृषणाची वाढते. उलटा प्रवास, नराची मादी, या माशांत होत नाही.

वर्गात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. अंडी पाण्यात सुटी सोडली जातात आणि प्रवाहाबरोबर वाहतात. स्कॅरसची अंडी चातीसारखी लांबट, स्पॅरिसोमाची गोल. म्हणजे प्लवकाच्या नमुन्यात मासा न बघताही गट सांगता येतो.

प्रश्न : ठाणे खाडीच्या खारफुटीत पोपटमासे असतात का? कुठेतरी वाचलं की त्यांना खारफुटी लागते. (भांडुप)

उत्तर : ठाणे खाडीत नाहीत. तिथलं पाणी गढूळ, तळ चिखलाचा, प्रवाळ नाही. तिथे बोय, जिताडा, निवटी भेटतील. तुम्ही वाचलं ते रेनबोबद्दल असावं. त्याची पिल्लं कॅरिबियनमधल्या तांबड्या खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाल्यावर प्रवाळावर जातात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या बेलीझ-मेक्सिकोच्या अभ्यासात, जिथली खारफुटी तोडली गेली तिथून रेनबो नाहीसा झाल्याचं दिसलं. बाकी काही जातींना खारफुटी जवळ असली तर फायदा होतो, पण नसली तरी त्या तग धरतात. रेनबोला पर्याय नाही. म्हणून प्रवाळावर मासेमारी थांबवली आणि मागची खारफुटी रिसॉर्टसाठी भरून टाकली, तर राखीव क्षेत्राच्या पाट्या लावूनही हा मासा परत येत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आमची मासेमारी बंद असते ती विणीसाठी, दोन महिने. तिकडे पोपटमाशावर बारा महिने बंदी कशाला? आणि क्रॉफर्ड मार्केटला कधीमधी निळा-हिरवा मासा येतो तो हाच का? (वरळी कोळीवाडा)

उत्तर : बाजारातला मासा अटलांटिकचा नाही. तो बहुधा स्कॅरस घोब्बान किंवा त्याच्या जवळची जात, आपल्याच प्रवाळी भागांतून आलेली. स्पॅरिसोमा गट तर हिंदी महासागरात मुळीच नाही. घेतलात तर लगेच साफ करा. या माशाला पोट नसतं, लांबलचक आतडं शेवाळाने आणि दळलेल्या खडकाने भरलेलं असतं. ते आत राहिलं की मऊ मांसाला लवकर वास लागतो.

बंदीचं कारण विणीचं नाही, कामाचं आहे. कॅरिबियनमध्ये खडकावरचं शेवाळ खाणारे दोन मोठे गट होते : काळे लांब काट्यांचे समुद्री अर्चिन आणि पोपटमासे. 1983 मध्ये पनामाच्या किनाऱ्यापासून अर्चिनमध्ये साथ सुरू झाली आणि वर्षभरात सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरून 90 टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. पुढे ते सावरू लागले होते, तर 2022 मध्ये पुन्हा साथ आली. मधल्या चाळीस वर्षांत खडक साफ ठेवायचा भार मुख्यतः पोपटमाशांवर राहिला. शेवाळ वाढलं की प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला उघडा खडक मिळत नाही, आणि जुनं प्रवाळ मेलं की नवं धरत नाही.

विणीच्या बंदीने हे साधत नाही, कारण कॅरिबियनमध्ये त्यांची वीण एका ऋतूपुरती नसते आणि पिंजऱ्याचे सापळे वर्षभर काम करतात. सापळा जात बघत नाही. भाल्याने मारणारा उलट नेमका सगळ्यात मोठा नर निवडतो. मग टापू मोकळा होतो, त्याहून लहान मादी नर होते, आणि हेच चालू राहिलं की सगळा कळपच आकाराने लहान होत जातो. लहान चोच उथळ खरवडते. 20 सेंटीमीटरचे पाच मासे मिळून 50 सेंटीमीटरच्या एका स्टॉपलाइटचं काम करत नाहीत.

बर्म्युडाने 1990 मध्ये सापळेच बंद केले. बेलीझने 2009 मध्ये पोपटमासे आणि टँगवर्गीय मासे पकडण्यावर बंदी घातली, बोनेअरने 2010 मध्ये पोपटमाशांवर, बार्बुडाने 2014 मध्ये पोपटमासे आणि अर्चिन दोन्हींवर. यामुळे मासे वाढले तरी प्रवाळ आपोआप वाढतंच असं नाही. तापलेलं पाणी, रोग आणि सांडपाणी यांना पोपटमासा काही करू शकत नाही, आणि बंदीची जाहिरात करणारे हे सांगायचं टाळतात.

त्यांच्या कामातही फरक आहे. रेडटेल आणि यलोटेल पानांचं मोठं शेवाळ तोडतात. स्कॅरस गटातले खडकाचा वरचा थर खरवडतात. त्यांना मुळात शेवाळापेक्षा त्याच्यात आणि खडकाच्या पापुद्र्यात राहणारे सूक्ष्म, प्रथिनयुक्त जीव हवे असतात, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. स्टॉपलाइट तर खडकच उकरतो. एकाच जातीला वाचवून बाकीच्या पकडल्या तर खडक अर्धवटच साफ होतो.

प्रश्न : रात्री हे मासे स्वतःभोवती फुगा करून झोपतात म्हणे. कशासाठी? (दादर)

उत्तर : फुगा नव्हे, चिकट पारदर्शक कोश. कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून स्राव येतो आणि तासाभराच्या आत अंग झाकलं जातं. वास लपवून मोरे वाम माशापासून बचाव, असा जुना तर्क होता. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटावर 2010 च्या सुमारास केलेल्या प्रयोगात वेगळं कारण पुढे आलं : रक्त पिणारे बारीक समुद्री किडे. कोश काढून घेतलेल्या जवळजवळ सगळ्या माशांना ते चावले, कोशातल्या दहांपैकी जेमतेम एकाला. कॅरिबियनमध्ये क्वीन आणि तिचे भाऊबंद कोश करतात, स्टॉपलाइट कोशाशिवाय झोपतो. रात्री डाइव्हला गेलात तर टॉर्चचा झोत थेट मारू नका. मासा दचकून कोश फाडून पळाला तर तेवढी मेहनत वाया जाते.

प्रश्न : कॅरिबियनची पांढरी वाळू म्हणजे माशाची विष्ठा, हे खरं का? जुहूची पण तशीच का? (सांताक्रूझ)

उत्तर : बऱ्याच अंशी खरं, पण सगळी नाही. घशातल्या दळणीने चिरडलेला खडक वाळू होऊन बाहेर पडतो. मालदीवच्या एका बेटाभोवती 2015 साली मोजलं तेव्हा दरवर्षी तयार होणाऱ्या नव्या वाळूतली 85 टक्क्यांहून जास्त पोपटमाशांची निघाली. कॅरिबियनमध्ये प्रमाण जागेगणिक बदलतं. तिथे चुना साठवणारं हॅलिमेडा नावाचं शेवाळ आणि शिंपल्यांचे तुकडेही पुष्कळ भर घालतात. जुहूच्या वाळूशी पोपटमाशाचा संबंध नाही. ती मुख्यतः किनाऱ्याच्या दगडांची झीज, नद्या-नाल्यांनी आणलेला गाळ आणि शिंपल्यांचा चुरा. कोणी बाहेरून पांढरी वाळू आणली असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. प्रवाळी वाळू सगळी फसफसते, जुहूच्या वाळूत शिंपल्याचे तेवढेच कण. मात्र ती वाळू माशाच्या आतड्यातून आली की हॅलिमेडातून, हे व्हिनेगरने कळत नाही. त्याला भिंगाखाली कणांचा आकार पाहावा लागतो.